मोजणीवाला मन्मथ आणि बिराजदारांची भाची

मन्मथ शेटेला मी सहा वर्षांत खुर्चीत नीट बसलेलं फार कमी वेळा पाहिलं. आमच्या तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मी लिपिक आणि तो भूकरमापक, म्हणजे लोकांच्या भाषेत मोजणीवाला. आमची टेबलं एकमेकांना चिकटून होती. त्याच्या टेबलावर तो नकाशे पसरायचा आणि स्वतः उभा राहायचा. चहा उभ्याने, डबा उभ्याने, साहेबांशी बोलणंही उभ्यानेच. कधी बसलाच तर त्याचा उजवा पाय असा हलायचा, की माझ्या टेबलावरचा पेनांचा डबा वाजायला लागायचा.

"मन्मथ, पाय," मी म्हणायचो.

"हां भाऊ," असं म्हणून तो पाय थांबवायचा आणि उठून उभाच राहायचा.

नाव मन्मथ. आमच्या भागात लिंगायतांच्या घरात हे नाव मन्मथस्वामी या संतांच्या नावावरून हमखास ठेवतात. त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही. पण बाहेरच्या जिल्ह्यातून बदलून आलेला एखादा साहेब हजेरीपटावर ते वाचून हसायचा आणि म्हणायचा, "वा, साक्षात कामदेव!" मन्मथ गंभीरपणे सांगायचा, "न्हाई साहेब, शेटे."

अंगाने उंच, हडकुळा. सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली आणि मान उन्हाने करपून पाठीपेक्षा दोन रंगांनी गडद झालेली. काठीवर बसवायचं मोजणीचं यंत्र तो खांद्यावर टाकून बांधाबांधाने चालायचा तेव्हा मागचे शेतकरी धापा टाकत राहायचे. यंत्राने दोन तासांत होणाऱ्या कामाला तो अख्खा दिवस लावायचा, कारण यंत्र लावण्याआधी शेताला एक पूर्ण फेरी मारल्याशिवाय त्याचं समाधान व्हायचं नाही. "आधी चालून बघतो," हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. मोजणी असो, नवीन मोटारसायकल असो की माझ्या बायकोने केलेली नवी भाजी असो, तो आधी चालून बघणार.

आणि त्याच्या पोटात काही राहायचं नाही. ही त्याची खोड ऑफिसला फार जड जायची. मोजणीत कुणाचं किती सरकलं हे जागेवर सांगायचं नसतं. नकाशा तयार होतो, मग रीतसर कळवलं जातं, तोवर लोकांची डोकी थंड होतात. मन्मथला ते जमायचंच नाही. एकदा दोन सख्ख्या भावांच्या बांधाची मोजणी होती. धाकट्याने चारपाच हात आत नांगरलं होतं. मोठा भाऊ म्हातारा, काठी टेकत आलेला. त्याची खात्री, की आपलंच गेलंय. मन्मथने यंत्र उचललं आणि दोघांसमोर सांगून टाकलं, "बाबा, तुमचं गेलंय ते खरं हाय. पन पलीकडच्या बाजूला तुमी त्येच्यापेक्षा जास्त घेतलंय." म्हाताऱ्याने पायातली चप्पल काढली. मन्मथ पुढे, म्हातारा मागे, असे ते अर्ध्या शेतापर्यंत गेले. मग म्हातारा दमून बसला. मन्मथ परत फिरला आणि त्याला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं. दुपारी तिघंही त्या म्हाताऱ्याच्या ओट्यावर भाकरी खात होते. मन्मथ अर्थातच उभ्याने.

"गप बसला असतास तर काय बिघडलं असतं बे?" मी विचारलं.

"पोटात ठिवलं की मला झोपच येत न्हाई भाऊ," तो म्हणाला.

या माणसाचं एका मुलीवर पाच वर्षं प्रेम होतं. तिचं नाव ज्योती. दोघंही तेलगावचे. मन्मथचे वडील, ज्यांना सगळं गाव अप्पा म्हणायचं, त्यांचं बाजारपेठेत किराणाचं दुकान. ज्योतीचं घर त्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. ती बीडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. दोन्ही घरांनी होकार दिलेला. लग्न दिवाळीनंतर करायचं, मग उन्हाळ्यात करायचं, असं पुढे पुढे जात होतं. मधेच तिला पुण्यात नोकरी लागली. ती गेली, आणि सहा महिन्यांनी एका दुपारी तिने फोन केला. मन्मथ तेव्हा एका कापसाच्या शेतात यंत्राची काठी धरून उभा होता. फोनवर तिने सांगितलं, की तिच्या ऑफिसातल्या एकाशी तिचं जुळलंय आणि तिला परत इकडे यायचं नाही.

मन्मथने फोन खिशात ठेवला आणि मोजणी पुरी केली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कळलं, की त्याने शेजारच्याच माणसाचं शेत मोजलं होतं. इंच न् इंच बरोबर, पण दुसऱ्याचं.

त्यानंतरचे चार महिने आम्हाला त्याच्याकडे बघवत नव्हतं. आधीची त्याची धावपळ निदान कामाची होती. आता जेवणाच्या सुट्टीत तो स्टँडपर्यंत चालत जायचा, परत यायचा, पुन्हा जायचा. डबा तसाच घरी. रविवारी मोटारसायकल काढून पार हायवेवरच्या मांजरसुंब्याला जायचा, चौकात उभ्या उभ्या चहा प्यायचा आणि परत यायचा. "कावून गेलतास?" विचारलं तर म्हणायचा, "चहा प्यायला." जसा काही तालुक्यात चहा मिळत नव्हता. दर दहा मिनिटांनी फोन काढून ज्योतीचा फोटो बदललाय का ते बघायचा. आम्ही समजावून थकलो. तो रडला असता तर बरं झालं असतं, पण तो रडतही नव्हता.

अशात आमचे हेडक्लार्क बिराजदारसाहेब निवृत्त झाले. त्यांनी ऑफिसातल्या सगळ्यांना आणि आपल्या नातेवाइकांना रविवारी दुपारी मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर जेवण ठेवलं. ढाब्याच्या मागे हिरवळ होती, तिथे मांडव घातला होता. मन्मथ येणार नव्हता. मी सकाळी त्याच्या खोलीवर गेलो आणि त्याला अक्षरशः ओढून गाडीत घातलं. फोन हातात, पाय हलतोय, आणि मांजरसुंबा यायच्या आधी त्याने मला फोन दाखवला. ज्योतीचा नवा फोटो होता, कुठल्याशा डोंगरावर, शेजारी एक गॉगलवाला. "हा बघा," एवढंच म्हणाला.

भाषणं झाली, हार झाले. मग बिराजदारांच्या मुलाने स्पीकरवर गाणी लावली आणि संगीत खुर्चीचा खेळ काढला. बायका आणि पुरुष एकत्रच, कारण खेळणारे कमी पडत होते. मन्मथ मांडवाबाहेर येरझाऱ्या घालत होता. साहेबांनी त्याला दंडाला धरून आणलं. "तू तर दिवसभर फिरतोसच की. इथं फिर."

गंमत म्हणजे तो शेवटपर्यंत टिकला. लक्ष नव्हतं, पण पाय सवयीने चपळ होते. उरली एक खुर्ची आणि दोन माणसं. दुसरी होती बिराजदारसाहेबांची भाची, शैला. युसूफ वडगावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पस्तीस-छत्तीसची, चष्मा, पदर कमरेला खोचलेला, आणि चेहऱ्यावर असा भाव की हा खेळ म्हणजे परीक्षाच आहे. तिचा घटस्फोट झालेला होता आणि ती शाळेजवळ एकटी राहायची. हे आम्हाला साहेबांकडून माहीत होतं.

गाणं थांबलं. खुर्ची मन्मथच्या समोर होती. तो बसला नाही. खुर्चीची पाठ धरून म्हणाला, "बसा मॅडम."

"अशी दिलेली खुर्ची मला नको," ती म्हणाली. "नीट खेळा. पुन्हा लावा रे गाणं."

पुन्हा गाणं लागलं, पुन्हा थांबलं. या वेळी दोघंही एकदम बसले, आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीचा मागचा पाय कडकन मोडला. दोघं हिरवळीवर पाठीवर पडले. सगळा मांडव हसायला लागला. बिराजदारसाहेब तर डोळे पुसत होते. मी हात द्यायला पुढे धावलो, म्हणून मला पुढचं ऐकू आलं. नाहीतर कुणालाच कळलं नसतं.

मन्मथ उठत नव्हता. आकाशाकडे बघत पडून होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. लोकांना वाटलं हसून आलंय. शैला कोपरावर उठून त्याच्याकडे बघत होती.

"लागलं का?" तिने हळू विचारलं.

"न्हाई," तो म्हणाला. "मला एका पोरीनं सोडलंय."

"मलाबी सोडलेलं हाय," ती म्हणाली. "उठा आता. लोक बघायलेत."

आणि तिनेच त्याला हात दिला.

जेवणाच्या वेळी मी बघितलं तर तो तिच्यासमोर बाजेवर बसला होता. बसला होता! भाकरी, शेंगदाण्याची चटणी, डाळ, वर जिलेबी. चार महिन्यांचं एकदम जेवल्यासारखा जेवत होता आणि ती काहीतरी सांगत होती. मध्येच दोघं हसले. बिराजदारांच्या घरच्यांबरोबर आलेली माझी बायको माझ्या कानाशी म्हणाली, "अहो, तुमच्या मन्मथला काय झालं?" मी म्हटलं, "भूक लागली असेल."

परतताना गाडीत त्याने फोन एकदाही काढला नाही. मग म्हणाला, "भाऊ, मला ती आवडली."

"कोण?"

"शैला मॅडम."

मी गाडी कडेलाच घेतली. "मन्मथ, सकाळी ह्याच रस्त्यावर तू मला ज्योतीचा फोटो दाखवत होतास बे."

"म्हनून तर भ्या वाटायलंय," तो म्हणाला. त्याचा पाय पुन्हा हलायला लागला होता. "असं कसं व्हतं वो? सकाळी येक आन दुपारी दुसरं? मंग ती पाच वर्षं खोटी व्हती का?"

मी म्हटलं, दुःखात माणसाचं असं होतं, दोन दिवसांत उतरेल.

दोन दिवसांत उतरलं नाही. पहिल्यांदा एकच ओढ होती, आता दोन झाल्या. ज्योतीची आठवण आली की शैलाचा विचार चोरीसारखा वाटायचा, आणि शैलाचा विचार आला की ज्योतीचा फोटो बघावासा वाटायचा नाही, आणि बघावासा वाटत नाही म्हणून पुन्हा वाईट वाटायचं. हे सगळं तो मला ऑफिसात, अर्जदारांच्या गर्दीत, टेबलाभोवती फेऱ्या मारत सांगायचा. एकदा एक शेतकरीच म्हणाला, "साहेब, ह्यांचं आधी मोजून घ्या, मंग आमचं."

आठवड्याने त्याने रजा टाकली आणि युसूफ वडगावला गेला. शाळा सुटेपर्यंत फाटकाबाहेर उभा राहिला. शैला बाहेर आली, त्याला बघून म्हणाली, "इथं काय मोजायला आलात?" आणि या भल्या माणसाने रस्त्यात उभं राहून तिला सगळं सांगितलं. ज्योती, पाच वर्षं, फोन, चुकीचं शेत, आणि शेवटी, की तुम्ही मला आवडलात आणि मला त्याची लाज वाटते.

"काय म्हणाली मग?" मी विचारलं.

"म्हनली, तुमाला मी नकोय, कुनीतरी पायजे हाय. घरी जा, चार दिवस नीट जेवा, मंग बघा काय उरतंय ते."

"बरोबर बोलली."

"लई बरोबर बोलली," तो म्हणाला. आणि आश्चर्य म्हणजे त्या दिवसापासून तो डबा खायला लागला.

पार्टीला पुरते तीन आठवडे झाले नसतील, तेवढ्यात ज्योतीचा फोन आला. पुण्यातलं तिचं मोडलं होतं. त्या माणसाचं लग्न घरी आधीच ठरलेलं निघालं होतं. ती तेलगावला आली होती. फोनवर रडत होती. "माझं चुकलं मन्मथ. मी येऊ का परत?"

चार महिने ज्या फोनची वाट बघून या माणसाने चपला झिजवल्या, तो फोन आला. मी मनापासून सांगितलं, "अरे, देव पावला तुला. हो म्हण आणि मोकळा हो." अप्पांनाही कळलं होतं. त्यांनी दुकानात पेढे आणून ठेवले म्हणे. माझा हा सल्ला मला अजून टोचतो. मला त्याचं सुख नको होतं, त्याची ती चुळबुळ थांबायला हवी होती.

तो दोन दिवस काही बोलला नाही. त्याच्या पोटात काही राहिलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. तिसऱ्या दिवशी तेलगावला गेला. तिथे काय झालं ते त्याने मला नंतर सांगितलं. ज्योतीच्या घरी, पुढच्या खोलीत, तिच्या आईने दोघांना बसवलं आणि ती आत गेली. ज्योती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "कोन हाय ती?"

"तुला कुनी सांगितलं?"

"कुनी न्हाई. मघापासून माझ्यासमोर बसलायस आन तुझा पाय हालंना."

त्याने तिलाही सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तिनं हो म्हनलंय?"

"न्हाई. म्हनायची बी न्हाई कदाचित."

"मंग मला कावून न्हाई म्हनतूस?"

"तुला हो म्हनलो तर ते खोटं व्हईल, ज्योती. तुझी वाट बघनारा व्हता तो मीच व्हतो, पन आता तो न्हाई राहिला. कुठं गेला मला बी कळंना."

ज्योती रडली, तोही रडला. आईने आतून चहा आणला तेव्हा दोघं डोळे पुसत होते आणि तिला वाटलं, जुळलं. दुकानात जाऊन त्याने अप्पांना सांगितलं तेव्हा मात्र कहर झाला. अप्पा गिऱ्हाइकांसमोर ओरडले, "येकीला तू न्हाई म्हनलास, दुसरी तुला हो म्हनली न्हाई. तालुक्याची जमीन मोजतूस आन तुला येवढं कळत न्हाई व्हय रे?" तीन वर्षं झाली, अप्पा त्याच्याशी बोललेले नाहीत.

ही गोष्ट बिराजदारसाहेबांमार्फत युसूफ वडगावला पोचली. आणि एके दिवशी भर दुपारी शैला आमच्या ऑफिसात आली. पर्स खांद्याला, कपाळावर घाम. सरळ मन्मथच्या टेबलासमोर.

"माझ्या नावावर कुणाला नाही म्हटलंत तुम्ही?"

सगळं ऑफिस थांबलं. मन्मथ उभाच होता. "तुमच्या नावावर न्हाई," तो म्हणाला. "माझ्याच."

"आणि मी हो म्हटलं नाही तर? ते पाप माझ्या डोक्यावर?"

"न्हाई म्हना की. तुमचा हक्क हाय. पन आज रागात हायसा, आज म्हनू नका."

मी खुर्ची पुढे सरकवली, शिपायाला चहा सांगितला. ती बसली. चहा पिऊन तिने कप खाली ठेवला. मग ती शांतपणे म्हणाली, "हे बघा, माझं रडणं आत्ता कुठं संपलंय. दुसऱ्याचं रडणं मला घरात आणायचं न्हाई. वर्षभर तिकडं यायचं न्हाई. फोन न्हाई, निरोप न्हाई. वर्षानं तुमी हेच म्हनत असाल तर या. आन तवा मी न्हाई म्हनले तर उलटं विचारायचं न्हाई."

"बरं," मन्मथ म्हणाला.

ती उठली, दारापर्यंत गेली आणि मागे वळून म्हणाली, "आन जेवत जावा."

ते वर्ष आम्ही सगळ्यांनी काढलं. त्याने फोन केला नाही. युसूफ वडगावच्या बाजूची मोजणी आली की तो दुसऱ्याला द्यायचा. रात्री झोपतो का, विचारलं तर हसायचा. एकदा मला म्हणाला, "भाऊ, आता बसलो की बसवतं. पन आतून काय तरी चालतच ऱ्हातंय." ज्योती तोवर पुण्याला परत गेली होती. तिचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. मन्मथला माहीत असावं. पण एवढी एकच गोष्ट त्याने मला आपणहून कधी सांगितली नाही.

वर्ष भरलं त्या दिवशी सकाळी तो हजेरी लावून निघून गेला. संध्याकाळी मला फोन आला. "भाऊ," तो म्हणाला आणि थांबला. मला वाटलं, संपलं. मग म्हणाला, "साक्षीदार लागतील. तुमी आन वैनी याल का?"

लग्न नोंदणी पद्धतीने बीडला झालं. अप्पा आले नाहीत. आई लपून आली, मुंडावळ्या पिशवीतून आणल्या आणि दोघांच्या कपाळाला बांधून लगेच निघून गेली. शैलाच्या बाजूने बिराजदारसाहेब होते. सही करायला मन्मथ उभ्यानेच घाईघाईने वाकला. शैलाने नोंदणी अधिकाऱ्यांसमोरच त्याला म्हटलं, "हळू. वेळ हाय आपल्याकडं."

त्यानंतर माझी बदली बीडला झाली. भेटी कमी झाल्या. फोन असतात, पण फोनवर तो नेहमी घाईत.

गेल्या उन्हाळ्यात मी बसने युसूफ वडगावमार्गे जात होतो. गावाच्या अलीकडे एक नांगरलेलं रान लागलं. बस खड्ड्यांमुळे सावकाश चालली होती. रानात, बऱ्याच लांब, मोजणीचं यंत्र काठीवर उभं होतं आणि शेजारी मन्मथ. रस्त्याच्या कडेला स्कूटीवर शैला, पांढरा स्कार्फ बांधलेला, हॉर्न वाजवत होती. त्याने हात वर केला आणि ढेकळांतून तिच्याकडे झपाझप यायला लागला. निम्म्यात आला आणि थबकला. सरकारचं एवढ्या मोलाचं यंत्र तसंच रानात सोडून निघाला होता. तसाच मागे पळाला. मी खिडकीतून मान बाहेर काढली, पण हाक मारली नाही. ती हसत होती की चिडली होती, ते एवढ्या लांबून कळलं नाही. तिने स्कूटी बंद केली, चपला काढून हातात घेतल्या आणि पदर खोचून त्याच्या दिशेने रानात उतरली.